वाऱ्याच्या माथी मारू नका

नगर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यात वळीव झोडपून गेला की पंचनाम्यात एकच वाक्य उतरतं : वादळी वाऱ्याने पत्रे उडाले. पारनेर असो, जामखेड असो, वाक्य तेच. मला या वाक्याची चीड आहे, कारण ते अर्धवट आहे आणि उरलेला अर्धा भाग दडवण्यासाठीच ते लिहिलं जातं.

वारा किती जोराचा येऊ शकतो हे देशाने कधीच ठरवून ठेवलं आहे. भारतीय मानक 875 च्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा नकाशा आहे. नगर-पुणे-नाशिक पट्ट्यासाठी त्यात झोताचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी 140 किलोमीटर धरला आहे. या वेगाला चौरस मीटरवर नव्वद किलोहून जास्त दाब येतो. आणि छपरावरून जाणारा वारा पत्रा खाली दाबत नाही, वर ओढतो. गोठा किंवा कांदाचाळ बाजूने उघडी असली तर आत शिरलेला वारा खालूनही रेटतो. दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद पत्र्याचं वजन जेमतेम पंधरा किलो, पण त्याला उचलणारा जोर तीनशे किलोपर्यंत जातो. त्यावर आपण दगड ठेवतो! वादळात तेच दगड खाली झोपलेल्या माणसाच्या डोक्यात पडतात. कडेला आणि कोपऱ्यांत ओढ सर्वांत जास्त असते, तिथे हुक दाट हवेत. पत्रा अँगलला, अँगल कैचीला, कैची खांबाला आणि खांब पायाला घट्ट धरलेला हवा. यातला एक जोड कच्चा राहिला की बाकीचे पक्के असून उपयोग नाही. हे फॅब्रिकेशनवाल्याला कळतं, बिल पास करणाऱ्यालाही कळतं.

मोठ्या लोकांच्या कामांतही हीच पळवाट. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर 4 डिसेंबर 2023 रोजी अनावरण झालेला शिवरायांचा 35 फुटी पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला, आणि तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी ताशी 45 किलोमीटर वाऱ्याचं कारण पुढे केलं. दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. नगरसारख्या आतल्या जिल्ह्यासाठी धरलेल्या दाबाच्या तुलनेत 45 च्या वाऱ्याचा दाब एक दशांश भरतो. झोत म्हणून वेग दुप्पट धरला, तरी निम्म्यापर्यंत पोचत नाही. समुद्रकाठी उभा केलेला पुतळा एवढंही सोसत नसेल, तर दोष वाऱ्याला देणं हा महाराजांचा अपमान आहे. घाटकोपरला 13 मे 2024 रोजी पडलेल्या होर्डिंगखाली सतरा माणसं मेली. व्हीजेटीआयच्या तपासणीनुसार त्याचा पाया ताशी 49 किलोमीटरच्या वाऱ्यापुरता होता; मुंबईत 158 चा वारा धरावा लागतो.

अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल नोव्हेंबर 1940 मध्ये ताशी 65 किलोमीटरच्या आसपासच्या वाऱ्यात पिळवटून तुटला. तेव्हाच्या अभियंत्यांना ही पिळवटण्याची गती नीट ठाऊक नव्हती. त्यानंतर मोठ्या झुलत्या पुलांचे नमुने वाऱ्याच्या बोगद्यात तपासले जाऊ लागले. आता अज्ञानाची सबब कोणालाच नाही.

भूकंपाचंही तसंच. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी हादरली. जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या, दोन थरांना बांधणारे आरपार दगड नाहीत, वर माळवदाची मणामणाची माती. भिंती फुटल्या आणि ते ओझं झोपलेल्या लोकांवर आलं. त्या वेळच्या नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. अशी माळवदाची घरं आमच्या कर्जत-जामखेडात आजही नांदती आहेत. आरपार दगड आणि दरवाजांच्या वर सलग पट्टा, एवढ्यानेही जीव वाचतात. हे सांगायला गावात कोण येतं?

राज्याला हे जमत नाही असं मुळीच नाही. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात कोयना धरणाला जिथे उतार बदलतो तिथे भेगा पडल्या. नंतर आधारभिंती घालून ते मजबूत केलं. आमच्या अकोले तालुक्यात प्रवरेवरच्या भंडारदऱ्यालाही 1969 मध्ये भेगा दिसल्यावर तसाच आधार दिला. भेग शोधली, कारण लिहिलं, काम केलं, म्हणून धरणं उभी आहेत. हीच तत्परता गरिबाच्या छपराच्या वाट्याला का येत नाही?

नगर तालुक्यातल्या निंबोडीत ऑगस्ट 2017 मध्ये जिल्हा परिषद शाळेचं छत कोसळलं आणि तीन मुलं गेली. ना वादळ होतं, ना भूकंप. पाऊस चालू होता.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पंचनाम्याच्या कागदावर नुकसानीच्या रकमेशेजारी आणखी रकाने हवेत : हुक किती अंतरावर होते, खांब कशात रोवला होता, काम कोणी केलं, तपासलं कोणी. शेतकऱ्याची भरपाई यावरून अडवू नका. ती ताबडतोब द्या, आणि सरकारी काम असेल तर ठेकेदाराकडून वसूल करा. कांदाचाळीचं अनुदान देताना लांबी-रुंदी मोजता, तसे पायाचे बोल्टही मोजा. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेचं छप्पर पुढच्या वळिवाआधी तपासा आणि निकाल तपासणाऱ्याच्या नावासकट ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.