सुई टोचण्याआधी आणि नंतर

बेसल सेल कार्सिनोमा स्थानिक भूल देऊन काढायचा असेल, तर गाठीची कड सुई टोचण्याआधीच चांगल्या उजेडात आखून घ्यावी लागते. औषध आत गेले की त्वचा फुगते, त्यात मिसळलेल्या ॲड्रेनलिनने पांढरी पडते आणि गाठीची गुलाबट कड दिसेनाशी होते. सुईही गाठीतून न नेता तिच्या बाहेरून, चहूबाजूंनी फिरवावी.

लिग्नोकेन या भुलीच्या औषधाची मर्यादा साधारणपणे किलोमागे ४.५ मिलिग्रॅम, ॲड्रेनलिनसह ७ मिलिग्रॅम मानतात. म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला ॲड्रेनलिनयुक्त दोन टक्क्यांचे औषध २१ मिलिलिटरच देता येते. सलाइन घालून ते एक टक्क्याचे केले, तर त्वचा तेवढीच बधिर होते आणि ४२ मिलिलिटर हाताशी राहते. दोन टक्क्यांचे औषध आहे तसेच वापरण्याची सवय म्हणूनच मोडायला हवी. गाठ थराथराने काढून तपासण्याच्या मोहस शस्त्रक्रियेत प्रत्येक फेरीला पुन्हा टोचावे लागते. तेथे एकूण मात्रेची नोंद कागदावर हवीच.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते वेळेकडे. दोन-तीन मिनिटांत त्वचा बधिर होते, पण ॲड्रेनलिनने रक्तवाहिन्या पुरेशा आकसायला बराच अधिक वेळ लागतो. एका अभ्यासात रक्तप्रवाह सर्वांत कमी व्हायला सुमारे २५ मिनिटे लागली. लगेच चाकू लावला की रक्त पुसण्यातच वेळ जातो. बोटांत ॲड्रेनलिन नको, हा जुना दंडकही आता टिकत नाही. कॅनडातील लालोंद व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हात व बोटांत ॲड्रेनलिन टोचलेल्या ३,११० रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांत एकाही बोटाला गँगरीन झाले नाही. बोटाचा रक्तपुरवठा आधीच क्षीण असलेल्या रुग्णात मात्र ते टाळावे. प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्यांत ॲड्रेनलिन कमीत कमी वापरून रक्तदाबावर लक्ष ठेवावे.

ॲड्रेनलिनयुक्त द्रावण आम्लधर्मी असल्याने झोंबते. दहा मिलिलिटरला एक मिलिलिटर ८.४ टक्के सोडियम बायकार्बोनेट मिसळले, ३० गेजची सुई घेतली आणि औषध अगदी सावकाश सोडले, की वेदना स्पष्टपणे कमी होतात. नाकाच्या बाजूला आधी इन्फ्राऑर्बिटल, खालच्या ओठाला मेंटल नर्व्ह ब्लॉक देणे रुग्णावर खरोखर दया करण्यासारखे आहे.

घाम व मंद नाडी हे बहुधा भीतीने आलेल्या घेरीचे लक्षण असते. रुग्णाला आडवे ठेवल्याने ती सहसा टळते. ओठांभोवती बधिरता, कानात गुणगुण, तोंडाला धातूची चव आली, तर मात्र ती लिग्नोकेनच्या विषबाधेची चिन्हे समजून औषध ताबडतोब थांबवावे. पुढची पायरी झटक्यांची असते. श्वसनाची काळजी घेत २० टक्के लिपिड इमल्शन किलोमागे १.५ मिलिलिटर शिरेतून द्यावे लागते, म्हणून ते त्याच खोलीत ठेवलेले असावे.