विश्लेषण : रंगवलेल्या भिंतीमागचे घर कसे ओळखायचे? महाड-पोलादपूरच्या खरेदीदारांनी काय पाहावे?

दिवाळी सरली की महाड आणि पोलादपूर परिसरात घरे पाहणाऱ्यांची वर्दळ वाढते. मुंबई-ठाण्याहून आलेला चाकरमानी दोन दिवसांच्या सुट्टीत तीन-चार फ्लॅट, एखादे बैठे घर पाहतो आणि त्यातल्या एकाला टोकन देऊन परततो. त्याला दाखवलेले घर नुकतेच रंगवलेले असते, पडदे नवे असतात, दिवे लावलेले असतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या या भागात कोरडा हंगाम हीच घराची सगळ्यात मोठी सजावट असते. विक्रेत्याला त्यासाठी एक पैसाही खर्चावा लागत नाही.

सजावट नेमके काय झाकते?

विक्रीसाठी घर सजवून देणे हा अमेरिकेत १९७०च्या दशकापासून स्वतंत्र व्यवसाय आहे. ‘होम स्टेजिंग’ हे त्याचे नाव. आपल्याकडचा सॅम्पल फ्लॅट हा त्याचाच भाऊ. नेहमीपेक्षा लहान पलंग, आतल्या खोल्यांना दारेच नाहीत, एका भिंतीवर मोठा आरसा आणि भरदुपारी सुरू असलेले सगळे दिवे, यामुळे खोली ऐसपैस वाटते. ही युक्ती मोजपट्टीने दोन मिनिटांत उघडी पडते. आपल्या घरातला पलंग, कपाट आणि फ्रिज यांची मापे लिहून नेली आणि करारातील चटई क्षेत्राशी खोल्या ताडून पाहिल्या की काम झाले.

महाडमध्ये खरी चिंता पाण्याची आहे. ओल आलेल्या भिंतीवर पीव्हीसी पॅनेल किंवा वॉलपेपर, गळक्या स्लॅबखाली पीओपीचे छत आणि पोपडे आलेल्या जागी पुट्टी मारून एक हात रंग, एवढ्याने घर नवे दिसते. त्यामुळे दिवाणखान्यात चहा घेण्यापेक्षा बाथरूमच्या पाठीमागची भिंत, खिडक्यांचे खालचे कोपरे आणि वरच्या मजल्याच्या छताच्या कडा पाहाव्यात. बंद कपाट उघडून वास घ्यावा. चार भिंतींपैकी एकाच भिंतीचा रंग ताजा असेल तर कारण विचारावे. गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर ती हौसेने घातली की स्लॅब गळत होता म्हणून, हेही विचारावे. जमले तर तेच घर जुलैत एकदा पुन्हा पाहावे. विक्रेता ‘तोवर गिऱ्हाईक थांबणार नाही’ म्हणेल. घाई कोणाला आहे, हे त्यावरून कळते.

तारिक गार्डनने काय दाखवले?

२४ ऑगस्ट २०२० रोजी संध्याकाळी महाडच्या काजळपुरा भागातील ‘तारिक गार्डन’ ही पाच मजली इमारत कोसळली. १६ जणांचा मृत्यू झाला. इमारत जुनाट नव्हती, तिला दहा वर्षेही झालेली नव्हती. बिल्डर, वास्तुविशारद, आरसीसी सल्लागार आणि नगर परिषदेचे अधिकारी यांच्यावर गुन्हा दाखल झाला.

घर घेणाऱ्यांची भिस्त बहुधा इमारतीच्या वयावर असते. ‘नवीनच आहे’ म्हटले की प्रश्न संपतात. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतील संरचनात्मक तपासणीची अटसुद्धा इमारत १५ वर्षांची झाल्यावरच लागू होते. तारिक गार्डन त्या वयाला पोहोचलीच नाही. म्हणून तपासणी वयावर न सोडता खरेदीदाराने स्वतः करून घेणे भाग आहे. फ्लॅटमधल्या फरश्या पाहण्याआधी खाली पार्किंगमध्ये उतरावे. तिथे सजावट क्वचितच पोहोचते. खांबांना उभ्या भेगा, प्लास्टर फुगून सुटलेले, आतली सळई गंजून बाहेर दिसणारी, खांब-बीमच्या सांध्यावर नव्या सिमेंटचे ठिगळ, असे काही दिसले तर त्या इमारतीतला कितीही देखणा फ्लॅट नाकारावा. विक्रेत्याशी संबंध नसलेला एखादा आरसीसी अभियंता सोबत नेला तर त्याची फी घराच्या किमतीपुढे नगण्य असते. तरीही हा खर्च बहुतेकांना फुकटचा वाटतो, आणि मॉड्युलर किचनवर मात्र लाखभर रुपये सहज जातात.

पुराच्या खुणा कुठे शोधायच्या?

महाड सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या काठी वसले आहे. २००५ आणि २०२१च्या जुलैमधील पूर गावाच्या स्मरणात आहेत. २२ जुलै २०२१ला बाजारपेठेतील दुकाने आणि तळमजल्यांवरचे संसार पाण्यात गेले. भिंत रंगवता येते, पण काही खुणा राहतात. विजेचे मीटर आणि स्विचबोर्ड नेहमीपेक्षा उंच बसवलेले असणे, खिडकीच्या गजांना खालच्या भागात गंज, चौकटीचा तळ फुगलेला, जिन्याखालच्या कोपऱ्यात वाळलेला गाळ. सगळ्यात भरवशाचा मार्ग मात्र शेजारच्या किराणा दुकानदाराला ‘एकवीस सालात पाणी कुठवर आलं होतं?’ असे विचारणे. तो हात वर करून भिंतीवरची जागा दाखवतो. एजंट त्याच प्रश्नावर विषय बदलत असेल, तर उत्तर मिळाले असे समजावे.

कागदोपत्री पाटबंधारे खाते पूररेषा आखते. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा निषिद्ध, तर निळ्या आणि लाल रेषेमधला नियंत्रित मानला जातो. आपला भूखंड कोणत्या पट्ट्यात आहे, ते नगर परिषदेत किंवा नगर रचना कार्यालयात विचारून घ्यावे.

डोंगराचे दृश्य फुकट मिळते का?

पोलादपूरकडे सरकले की जाहिरातीची भाषा बदलते. तिथे विकले जाते ते ‘सह्याद्रीचे दृश्य’, म्हणजे खिडकीत बसवलेला डोंगर. त्याच २२ जुलै २०२१ला महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ८०हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. डोंगर कापून सपाट केलेल्या जागेवरील बंगल्यात दृश्य पाहायला पुढच्या गॅलरीत जाण्याआधी मागच्या बाजूला जावे. कापलेला उतार उघडा आहे का, संरक्षक भिंतीत पाणी निघायला भोके आहेत का, वरच्या बाजूला जमिनीला भेगा आहेत का, झाडे कलली आहेत का, ते पाहावे. गाव दरडप्रवण यादीत आहे का, हे तहसील कार्यालयात कळते. सातबारा, बिगरशेती आदेश आणि बांधकाम परवानगी पाहिल्याशिवाय टोकन देऊ नये, हे वेगळे सांगायला नको. आणखी एक फेरी मे महिन्यात मारावी. नळाला किती दिवसांनी पाणी येते, ते तेव्हा समजते.

कायदा किती मदत करतो?

नव्या प्रकल्पांपुरता बराच. रेरा कायद्याच्या कलम १२नुसार जाहिरात किंवा सॅम्पल फ्लॅटमधील खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला नुकसानभरपाई मागता येते, प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह रक्कमही परत मागता येते. म्हणून सॅम्पल फ्लॅटचे फोटो आणि माहितीपत्रक जपून ठेवावे. नोंदणीकृत करारापूर्वी बिल्डरला १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षे बांधकामातील दोषांची जबाबदारी त्याची असते. पण ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पांना नोंदणीची सक्ती नाही, आणि लहान गावांतील पुष्कळ इमारती याच मापाच्या असतात.

जुन्या घराच्या व्यवहारात आधार आहे तो १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचा. त्याच्या कलम ५५प्रमाणे विक्रेत्याला माहीत असलेला आणि खरेदीदाराला साध्या काळजीने न दिसणारा मोठा दोष सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. ‘घरात पुराचे पाणी आले होते का, गळतीची दुरुस्ती केली आहे का’ हे प्रश्न म्हणूनच लेखी विचारावेत आणि उत्तर करारात घालावे.

महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला आहे. त्याच जाहिरातीत भूखंड पूररेषेच्या कोणत्या बाजूला आहे आणि गाव दरडप्रवण यादीत आहे की नाही, या दोन ओळी छापायला लावणे सरकारला अवघड नाही. महाड नगर परिषद आणि पोलादपूर नगर पंचायतीने बांधकाम परवानगीच्या फलकावरही त्या लिहायला लावाव्यात.