शाळेचा पैसा आणि आपले पत्र



शाळेतून 'शिक्षक कमी होणार' अशी चिठ्ठी आली की आपण मुख्याध्यापकांना विचारतो. कॅलिफोर्नियात मात्र त्याचे उत्तर बहुधा सॅक्रामेंटोत असते. १९७८च्या प्रॉपोझिशन १३ने मालमत्ता कराला मर्यादा घातली आणि शाळांचा मोठा भार राज्याच्या तिजोरीवर आला. १९८८च्या प्रॉपोझिशन ९८ने शाळा व कम्युनिटी कॉलेजांना किमान वाटा बांधून दिला, ढोबळमानाने ४० टक्के. पण तिजोरी मुख्यतः आयकरावर चालते. शेअरबाजार घसरला की हा वाटाही आटतो.

गव्हर्नर १० जानेवारीपर्यंत अंदाजपत्रक मांडतात, मेच्या मध्यात ते सुधारतात आणि १५ जूनपर्यंत विधिमंडळाने ते मंजूर करायचे असते. बोलायचे ते या पाच महिन्यांत. जुलैत तक्रार म्हणजे वरातीमागून घोडे!

आपल्यातले बरेच जण व्हिसावर आहेत, त्यांना मत नाही. पण कर आपण सगळेच भरतो, आणि लोकप्रतिनिधीला पत्र लिहायला नागरिकत्व लागत नाही. आपला असेंब्ली सदस्य आणि सिनेटर कोण, हे घराच्या पत्त्यावरून कळते. पत्रात शाळेचे नाव, मुलांची इयत्ता आणि एकच नेमकी मागणी लिहावी. गणपतीच्या तयारीला जमतो तसे यालाही एका रविवारी जमूया.