जुनी नौका आणि नवा खिळा

जुनी वस्तू दुरुस्त करून वापरावी की टाकून देऊन नवी घ्यावी, हा प्रश्न हल्ली प्रत्येक घरात निघतो. पाट्यावरवंट्यापासून वडिलोपार्जित वाड्यापर्यंत कोणतीही वस्तू त्यातून सुटत नाही. घरातील वृद्ध एक म्हणतात, तरुण दुसरे म्हणतात. आणि बहुधा दोघांचेही निम्मेच खरे असते. या प्रश्नाचा विचार मायेने किंवा हौसेने न करता केवळ अनुभवाच्या कसोटीवर कोणी केला असेल, तर तो दर्यावर्दी लोकांनी. जमिनीवर चुकीच्या दुरुस्तीचे फळ म्हणजे फार तर गळके छप्पर. समुद्रावर तेच प्राणाशी येते. म्हणून या महिन्यात जुन्या शिडाच्या नौकेची तक्तपोशी व तिच्यावरील साधने यांची दुरुस्ती आणि सुधारणा कशी होते, हा विषय वाचकांपुढे ठेवीत आहे.

लोणारास बसून नौकांच्या गोष्टी सांगाव्यात, याचे कोणास हसू येईल. आमच्या सरोवराचे पाणी खारे खरे, पण समुद्र येथून शेकडो मैल दूर. तथापि एकट्या भारतीयाने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा संकल्प ज्यांनी धरला ते व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटण तालुक्यातील विंचुर्णी या गावी राहत होते, आणि तेथूनही समुद्र दिसत नाही. त्यांच्या संकल्पाप्रमाणे गोव्यात 'म्हादेई' नावाची नौका बांधली गेली. ती घेऊन कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि वाटेत चार बंदरे घेऊन मे २०१० मध्ये मुंबईस परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. तेव्हा समुद्राचा विचार करण्यास किनाऱ्यावरच राहिले पाहिजे असे नाही.

प्रस्तुत विषयातील सर्वांत बोधप्रद उदाहरणही मुंबईचेच आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाच्या तरुण इंग्रज दर्यावर्दीने १९६३ सालानंतर कुलाब्याच्या एका कारखान्यात 'सुहैली' नावाची सुमारे ३२ फूट लांबीची नौका बांधवून घेतली. लाकूड सागवानी, कारागीर येथलेच, आणि हत्यारे म्हणजे वाकस, छिन्नी व दोरीने फिरवावयाचा सामता. इराणच्या आखातातील अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्यास सुहैली म्हणतात. आणि सुहैल हे त्यांच्या भाषेत आपल्या अगस्त्याच्या ताऱ्याचे नाव आहे. ज्या ऋषीने समुद्र प्राशन केला, त्याच्या ताऱ्याशी या नौकेच्या नावाचे असे नाते जुळते. १४ जून १९६८ रोजी ही नौका इंग्लंडातील फालमथ बंदरातून निघाली आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, कोठेही न थांबता पृथ्वी फिरून त्याच बंदरात परतली. एकट्याने न थांबता केलेली ही जगातील पहिली प्रदक्षिणा. शर्यतीत नऊ जण होते. पूर्ण करणारा हा एकच.

आता तक्तपोशीकडे वळू. खलाशी जिला डेक म्हणतात, ती वरवर पाहता नुसती लाकडी जमीन वाटते. परंतु नौकेचे सर्व बळ तिच्यावर येऊन अडकलेले असते. डोलकाठीस उभी धरणारे पोलादी ताण, दोरास दिशा देणाऱ्या कप्प्या, दोर ओढावयाचे विंच नावाचे लहान रहाट, दोर गुंडाळून अडकवण्याचे खुंट, कडेच्या कठड्याचे खांब, झरोक्यांच्या झडपा, नांगराची साखळी घेणारा गाडा, ही सर्व साधने डेकला भोके पाडून बसविलेली असतात. अशी भोके लहानशा नौकेतही शेकड्यांनी भरतात; आणि डेकचे दुखणे जडते ते बहुधा या भोकांपाशीच. खांबास वारंवार हिसके बसले की बोल्टाभोवतीचा लुकणाचा थर फाटतो आणि केसाएवढी फट पडते. तीतून पाणी लाकडात मुरते, वर्षानुवर्षे मुरत राहते, आणि वरून मात्र सर्व ठाकठीक दिसते. एके दिवशी वादळात कोणी आधारासाठी तोच खांब धरतो, आणि खांब मुळासकट हाती येतो.

सबब जाणता कारागीर प्रथम साधनाकडे पाहतच नाही. तो आधी आधार पाहतो, मग बंधन, आणि शेवटी साधन. आधार म्हणजे बोल्टाखालचे लाकूड. हातोडीने हलकेच ठोकून तो आवाज ऐकतो. निरोगी लाकूड खणखणीत बोलते, कुजलेले बद्द वाजते. कुजलेला भाग कोरून काढावा लागतो. भोक आवश्यकतेपेक्षा मोठे पाडून ते राळेने भरतात, राळ कठीण झाल्यावर तिच्यातून नवे भोक पाडतात. म्हणजे पुढे पाणी आले तरी ते लाकडास शिवत नाही. खालच्या बाजूस रुंद पट्टी देतात, म्हणजे बोल्टाचा ओढा एका बिंदूवर न येता हातभर जागेत वाटला जातो. एवढे झाल्यावर मग विंच नवा बसवावा की जुनाच साफ करून वंगण द्यावे, हा प्रश्न येतो. आणि पुष्कळदा असे आढळते, की जुन्या विंचास काहीच झालेले नव्हते.

सुहैलीस हाच धडा दोनदा मिळाला. ५ सप्टेंबर १९६८ रोजी आफ्रिकेच्या दक्षिणेस एका प्रचंड लाटेने तिला आडवी केली. नौका सावरली, पण डेकवरील खोलीचा सांगाडा आपल्या जागेवरून हलला आणि कडेने भेगा पडल्या. आणखी एक तशी लाट आली असती, तर ती खोली उडून जाऊन नौकेच्या पोटात समुद्र शिरला असता. खोलीच्या फळ्या मजबूतच होत्या. दुबळे होते ते फळ्यांस डेकशी जोडणारे बंधन. नॉक्स-जॉन्स्टन यांनी त्या खवळलेल्या समुद्रात, हाताशी होते तेवढे बोल्ट व खिळे वापरून, ती खोली पुन्हा बांधून घेतली आणि वाट चालू ठेवली.

दुसरा धडा पुष्कळ वर्षांनी मिळाला. १९९७ साली सुहैली सन्मानपूर्वक ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ठेवण्यात आली. वारा नाही, पाऊस नाही, लाटा नाहीत. परंतु कोरड्या हवेत सागवानाच्या फळ्या आटू लागल्या आणि सांधे उघडे पडले. ज्या नौकेस तीन महासागर मोडू शकले नाहीत, तिला छपराखालचा आराम मानवेना. २००२ साली तिला तेथून हलविण्यात आले, आणि वयाची साठी उलटलेल्या तिच्या मालकाने स्वतःच्या हाताने तिचा जीर्णोद्धार आरंभिला. तेव्हा असे दिसले, की मुंबईचे सागवान अद्याप उत्तम आहे; खंगले आहेत ते फळ्या जोडणारे लोखंडी खिळे. लोखंड गंजले म्हणजे फुगते, भोवतीचे लाकूड फोडते, आणि स्वतः झिजून सुईसारखे होते. ते शेकडो खिळे एकेक करून काढावे लागले आणि त्यांच्या जागी काशाचे बसवावे लागले. हे काम वर्षानुवर्षे चालले. २०१६ साली सुहैली पुन्हा पाण्यात उतरली, आणि २०१८ च्या जून महिन्यात, प्रस्थानास पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, फालमथच्या बंदरात पुन्हा शीड उभारून फिरली.

येथे संस्कृतज्ञ वाचकांस एका ग्रंथाची आठवण होईल. धारानगरीच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' ग्रंथात समुद्रगामी नौकेस लोखंडाचे बंधन वर्ज्य सांगितले आहे. कारण असे दिले आहे, की समुद्रातील लोहचुंबकाचे खडक त्या लोखंडास ओढतील आणि नौका बुडेल. हे कारण आज शाळकरी मुलासही पटणार नाही. परंतु ज्या नियमास ते चिकटविले आहे, तो सुहैलीच्या फळ्यांनी खरा करून दाखविला. पूर्वजांचे वचन ऐकताना नियम व उपपत्ती यांचा निवाडा निरनिराळा करावा, हे यावरून ध्यानात येते. उपपत्ती खोटी ठरली म्हणून नियम टाकू नये. आणि नियम खरा निघाला म्हणून उपपत्तीचे समर्थन करीत बसू नये. आमच्यापासून फार दूर नसलेल्या अजिंठ्याच्या लेण्यात एका जहाजाचे चित्र आहे. त्यावरून गोव्यात बांधलेले 'कौंडिण्य' हे जहाज २०२५ साली भारतीय नौदलात दाखल झाले. त्याच्या फळ्या खिळ्यांनी जोडलेल्या नाहीत. काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत.

दुरुस्तीनंतर सुधारणेचा प्रश्न येतो, आणि तेथे तरुण मंडळींनी विशेष लक्ष द्यावे. आजचे कृत्रिम धाग्यांचे दोर पूर्वीच्या दोरांहून कितीतरी बळकट आणि वजनास हलके असतात. शिवाय ते ताणल्याने लांबत नाहीत. हा गुण खरा, पण जुन्या नौकेवर तोच गुण घात करू शकतो. पूर्वीचा दोर वाऱ्याचा हिसका बसताच थोडा लांबे आणि तो हिसका स्वतः पचवी. नवा दोर लांबत नाही. तो हिसका जशाचा तसा कप्पीकडे देतो, कप्पी बोल्टाकडे आणि बोल्ट लाकडाकडे. म्हणजे दोर बदलला, पण भार वाढला चाळीस वर्षांच्या लाकडावर. वाड्यातील जुन्या तारांवर पाणी तापविण्याचे विजेचे नवे यंत्र जोडले, की यंत्र शाबूत राहते आणि भिंतीतील तार जळते, तसाच हा प्रकार.

धातूंचेही असेच. अॅल्युमिनियमच्या डोलकाठीवर काशाचा विंच थेट बसविला, तर खाऱ्या पाण्याच्या संगतीने दोन धातूंत विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि अॅल्युमिनियम झिजू लागते. म्हणून मध्ये वीज न वाहणारा थर द्यावा लागतो. गंज न चढणारे म्हणून ज्याची ख्याती आहे ते पोलादही उघड्या हवेतच निर्धास्त असते. लाकडाच्या आत, जेथे ओल आहे पण वारा नाही, तेथे ते गुपचूप खाल्ले जाते. डोलकाठीच्या ताणांच्या पट्ट्या डेकमधून आरपार जातात, तेथे वर चकाकी आणि आत चीर अशी स्थिती पुष्कळ नौकांत सापडते. ती पट्टी तुटली की डोलकाठीच जाते.

डोलकाठी जाणे म्हणजे काय, हे अलीकडेच दिसले आहे. सुहैलीच्या घाटणीवर गोव्यात बांधलेली 'तुरिया' ही नौका घेऊन कमांडर अभिलाष टॉमी २०१८ साली शर्यतीत उतरले. २१ सप्टेंबर रोजी हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने तिच्या डोलकाठ्या मोडल्या, आणि टॉमींच्या पाठीस गंभीर इजा झाली. तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांस वाचविले. नौका नवीच होती. तेव्हा नव्यास सर्व माफ असते असेही नाही. हेच टॉमी २०२२ साली 'बयानात' नावाची जुन्या बांधणीची नौका घेऊन पुन्हा निघाले. शर्यत सुरू होण्यापूर्वीच एका मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन नौकेच्या नाळेकडील काठी मोडली. ती दुरुस्त केली. पुढे वाऱ्यावर चालणारे सुकाणूचे यंत्र वारंवार बिघडू लागले, तेव्हा त्यांनी शौचकूपाचे दार कापून त्याची पाती बनविली. २९ एप्रिल २०२३ रोजी ते दुसऱ्या क्रमांकाने परतले.

सुहैलीवरही असेच एक यंत्र होते. ते ऑस्ट्रेलियाच्या आसपास कायमचे निकामी झाले आणि घर निम्म्या पृथ्वीपलीकडे राहिले. परंतु शिडांचा तोल नीट साधला असता ती नौका सुकाणूस हात न लावताही सरळ जात असे. पुढचा सारा प्रवास त्या तोलावर झाला. यंत्र हे बाहेरून आणलेले साहाय्य. तोल हा नौकेच्या बांध्यातील गुण. सुधारणा करताना पहिल्यासाठी दुसऱ्याचा बळी जाऊ नये, एवढे पथ्य पाळावे.

तात्पर्य सांगावयाचे तर असे. जुनी नौका, जुना वाडा किंवा आजीच्या वेळचा झोपाळा दुरुस्त करावयाचा झाल्यास रंगाचा डबा सर्वांत शेवटी आणावा. आरंभी एखादा खिळा उपटून पाहावा. खिळा गंजला असून लाकूड निरोगी असेल, तर खर्चास व कष्टास भिऊ नये. खिळे बदलावे आणि वस्तू राखावी. लाकूडच कुजले असेल, तर वाडवडिलांच्या मायेने त्यावर नवा खिळा ठोकू नये, कारण तो धरणार नाही. घरातील वृद्धांनी आणि तरुणांनी वाद घालण्यापूर्वी तो उपटलेला खिळा मध्ये ठेवावा. निम्मा वाद तेथेच मिटेल.