काळोखीचा मोह
वाफसा । शिवारकर

येवला-चांदवडकडे खरिपाच्या कांद्याचं रोप टाकलं की पहिल्या झडीतच मरीची धास्ती सुरू होते. दुकानातून बाविस्टीन येतं, सोबत आणखी एखादं बुरशीनाशक, वर ह्युमिक, आणि सगळ्याची मिळून आळवणी. मोजमाप झाकणानं.

ज्या मुळांवर हे ओततो, तीच मुळं जगभरच्या प्रयोगशाळा विष पारखायला वापरतात. स्वीडनच्या अल्बर्ट लेव्हान यांनी १९३८ साली कोल्चिसिन या विषाचा परिणाम कांद्याच्या मुळांच्या टोकांवर तपासला, तेव्हापासूनची ही रीत. कांद्याची गुणसूत्रं १६च, पण ठसठशीत. बिघाड लगेच नजरेत भरतो.

बाविस्टीनमधलं कार्बेन्डाझिम बुरशीच्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतं. मग पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन टोकांना ओढणारे तंतूच बनत नाहीत. रोपाच्या ट्युब्युलिनवर त्याची पकड सैल, म्हणून रोप तगतं. मात्रा चढली की मात्र मुळाच्या टोकाशी तोच घोळ होतो: गुणसूत्रं मागे रेंगाळतात, पेशी कमी दुभंगतात, मूळ आखूड राहतं. आणि पाणी तुंबलेल्या वाफ्यात रोपं कोलमडवणाऱ्या पिथियमवर कार्बेन्डाझिम चालतच नाही! तिथे गादीवाफा आणि पाण्याचा निचरा जास्त कामाचा.

जोडीला येणाऱ्या टेब्युकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोल यांची गोष्ट आणखी फसवी. ही ट्रायझोल कुळातली औषधं रोपातलं वाढीचं संप्रेरक जिबरेलिनही कमी करू शकतात. रोप ठेंगणं राहतं, पात गडद हिरवी होते. आपण खूश, ‘काय काळोखी आलीय!’ कोकणात हापूसची वाढ रोखून मोहोर आणणारं पॅक्लोब्युट्राझोल याच कुळातलं. वाढ थांबल्याची खूण आपण तब्येतीची समजतो, आणि दुकानदार तीच दाखवून पुढची बाटली खपवतो.

औषध टाकूच नका, असं मी म्हणणार नाही. बियाण्याला किलोमागे २-३ ग्रॅम थायरम चोळणं शहाणपणाचंच. माझा राग झाकणावर आणि खिचडीवर आहे.

घरीच पारखून बघा. चाळीतले दोन कांदे घ्या, दोन पेल्यांत बुडाला पाणी लागेल असे ठेवा. मुळं फुटली की एका पेल्यात आळवणीचं द्रावण भरा, दोन दिवसांनी पट्टी लावून मुळं मोजा. मातीत औषधाची धार थोडी बोथट होते, तरी अंदाज येतोच. तालुका कृषी कार्यालयांनी रोपं टाकण्याआधी दुकानांतल्या मिश्रणांची अशी परीक्षा जाहीरपणे घ्यावी. खर्च दोन कांद्यांचा. आणि कांद्याला भाव कुठे असतो आमच्याकडे?