बुडवलेलं जहाज, बुडालेलं जहाज

सेमिस्टर संपली की मुलुंड-बोरिवलीच्या अनेक ग्रुप्सचा प्लॅन ठरलेला असतो : तारकर्ली, स्कूबा, रील. आता त्यात निवतीची भर पडतेय. जानेवारी २०२४मध्ये नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका तिथल्या समुद्रात मुद्दाम बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायचा एमटीडीसीचा प्रकल्प आहे. त्यासाठी केंद्राने ४६ कोटी ९१ लाख रुपये मंजूर केलेत. कल्पना भारी आहे, मलाही जायचंय.

पण जी जहाजं आधीच बुडालेली आहेत, त्यांचं काय?

गोव्याच्या किनाऱ्याजवळ सुंची नावाचा खडक आहे. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना तिथे सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले. तोफा, चिनी मातीची भांडी, हस्तिदंत आणि चक्क पाणघोड्याचे दात! आपल्याकडे पाणघोडा दिसतो तो राणीच्या बागेत, म्हणजे हा माल आफ्रिकेचा. चीन आणि आफ्रिका एकाच खडकावर सापडले, म्हणून व्यापाराची गोष्ट कळली. त्यातलं भांडं कुणी आधीच उचलून शोकेसमध्ये ठेवलं असतं, तर ते नुसतं जुनं भांडं राहिलं असतं.

शिवाय वस्तू वर आली की तिचे हाल सुरू होतात. आत मुरलेलं मीठ सुकताना त्याचे स्फटिक होतात आणि भांड्याचे पापुद्रे सुटतात. लोखंड तर हवेत झपाट्याने गंजतं. म्हणूनच युनेस्कोचा २००१चा करार सांगतो, आधी विचार जागेवरच जपण्याचा करा. भारत या करारात अजून नाही. आपला १९७२चा पुरावस्तू कायदा आहे, पण त्यात वस्तू किमान १०० वर्षं जुनी लागते.

आता ‘रामदास’ घ्या. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. बोट १९३६ची. म्हणजे २०३६पर्यंत तिचा तुकडा आपल्या कायद्याने पुरावस्तू नाही आणि युनेस्कोच्या व्याख्येत बसायला २०४७ उजाडेल. इतक्या घरांचं दुःख, पण वय कमी पडतं!

पुरातत्त्व खात्याच्या पाण्याखालच्या शाखेने फेब्रुवारी २०२५मध्ये द्वारकेला पुन्हा बुडी मारली. आता कोकणचे खडकही यादीत घ्यावेत. आणि ‘गुलदार’ बघायला उतरणाऱ्या प्रत्येकाला ब्रीफिंगमध्येच सांगावं : जुनं काही दिसलं तर हात लावू नका, फोटो काढा, जागा लक्षात ठेवा आणि वर येऊन या नंबरवर कळवा. तो नंबर आधी ठरवा मात्र.