न घडलेल्या अपघाताचे आभार



रुग्ण दवाखान्यात येतो तो काहीतरी घडल्यामुळे. ताप येतो, तोल जातो, छातीत कळ येते. जे घडले नाही त्याविषयी सांगायला कोणी येत नाही. वेळेवर घेतलेल्या गोळीमुळे टळलेला पक्षाघात किंवा न्हाणीघरात बसवलेल्या दांडीमुळे शाबूत राहिलेले खुब्याचे हाड यांची नोंद कोणत्याही केसपेपरवर होत नाही. म्हणूनच काही महिन्यांपूर्वी एक काका केवळ न घडलेल्या अपघाताविषयी बोलण्यासाठी आले, ते माझ्या लक्षात राहिले. त्यांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने ती हकीकत येथे सांगते.

काकांचे वय ७१. सारी हयात त्यांनी कारखान्यात टर्नर म्हणून काढली. निवृत्तीनंतर काकूंसह ते अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात, लेकीकडे दोन वर्षे राहिले. तेथील पहिला हिवाळा त्यांना फार जड गेला. बाहेर गुडघाभर बर्फ, लेक-जावई कामावर, नातवंडे शाळेत. "दिवसभर खिडकीपाशी बसून असतात, जेवणही निम्म्यावर आलं आहे," असे काकूंनी मला फोनवर सांगितले होते. हे लक्षण दुर्लक्ष करण्याजोगे नव्हते. तेथील डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या आणि हातांना काहीतरी काम द्या, असे मी सुचवले. जावयांनी शोध घेतला आणि त्यांना जवळच्याच एका कातकाम मंडळात नेले.

कातकाम म्हणजे फिरत्या लाकडाला पटाशी लावून त्यातून वाट्या, डबे, खेळणी असे गोल आकार घडवणे. आपल्याकडे सावंतवाडीची लाकडी खेळणी याच कलेतून घडतात. लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडाला टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि रंग चढतो. अमेरिकेत हा छंद असणाऱ्यांची मोठी संघटना आहे. 'अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स' या नावाने ती १९८६ मध्ये स्थापन झाली. तिचे कार्यालय मिनेसोटातील सेंट पॉल येथे आहे आणि गावोगावी तिच्या शाखा आहेत. सभासदांत निवृत्तांचा भरणा मोठा. संघटनेतर्फे 'अमेरिकन वुडटर्नर' हे नियतकालिक निघते. त्याचे संपादकपद बेटी स्कार्पिनो यांच्यासारख्या स्वतः कातकामात नावाजलेल्या कलावंतानेही सांभाळले आहे.

काकांनी पिशवीतून त्याचे जुने अंक काढून माझ्या टेबलावर ठेवले. म्हणाले, "डॉक्टरबाई, माझं इंग्रजी कारखान्यापुरतं. याच्या संपादकांना आभाराचं एक पत्र लिहायचं आहे. मदत कराल?"

"संपादक निवृत्त होत आहेत का?"

"नाही हो. निमित्त काहीच नाही. आमच्या मंडळातले एक म्हातारे सभासद वारले. त्यांच्या शोकसभेत सगळे फार चांगलं बोलले. तेव्हा एकजण उठून म्हणाला, हे त्यांना ऐकायला मिळालं असतं तर! मग सर्वांनी ठरवलं, ज्यांच्याकडून आपण शिकतो त्यांना हयातीतच कळवायचं. पहिलं नाव संपादकांचं निघालं. सगळ्यांची पत्रं गेली, माझंच राहिलं."

त्यांनी एक कागद पुढे केला. त्यावर एकच वाक्य होते. मासिक फार चांगले आहे, असे.

"चांगलं म्हणजे काय? तुमच्या बाबतीत त्याने काय केलं?" मी विचारले.

काका थोडे थांबले. मग त्यांनी सांगितले ते असे. लेथवर सारा जन्म गेल्यामुळे सुरुवातीला त्यांना अंकातील सुरक्षिततेच्या सूचना वाचून हसू येई. परंतु लोखंडाचा लेथ वेगळा आणि लाकडाचा वेगळा. लोखंड एकजिनसी असते आणि हत्यार यंत्रावर घट्ट बसवलेले असते. लाकडात गाठी असतात, आत दडलेल्या चिरा असतात आणि पटाशी हातात धरावी लागते. एका अंकात एका सभासदाने स्वतःला झालेल्या दुखापतीची हकीकत लिहिली होती. त्यात कोणाला दोष दिलेला नव्हता की भीती घातलेली नव्हती. काय चुकले, तुकडा कुठून उडाला, काय घातले असते तर वाचलो असतो, एवढेच सांगितले होते. ते वाचून काकांनी चेहरा पूर्ण झाकणारे पारदर्शक कवच विकत घेतले.

पुढे एके दिवशी मेपलची वाटी कातताना ती फुटली. तुकडा उडून कवचावर आदळला. "नुसता आवाज झाला," काका म्हणाले. "कवच काढून पाहिलं, तर बरोबर डाव्या डोळ्यासमोर पांढरा चरा. त्याच डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. हिला मी आठ दिवस काही बोललो नाही."

मग आम्ही पत्र लिहिले. माझे वय ७१ आहे. अमुक अंकातील अमुक लेख वाचून मी कवच घेतले. अमुक दिवशी वाटीचा तुकडा माझ्या डाव्या डोळ्यासमोर आदळला. हे पत्र मी त्याच डोळ्याने वाचून पाहिले आहे. अशी चार वाक्ये आणि खाली सही.

संपादकाचे काम किती अदृश्य असते, हे मला त्या दिवशी जाणवले. लेख सभासदांचे, छायाचित्रे सभासदांची, नाव त्यांचे. संपादक मापे तपासतो, गाळलेली पायरी विचारून घेतो, लेथच्या वेगाचा चुकलेला आकडा छापण्याआधी दुरुस्त करतो. एवढे सारे नीट झाले की वाचकाला काहीच जाणवत नाही. एखादा आकडा मात्र चुकला, तर वाचकांची पत्रे लगेच येतात.

आभार का राहून जातात?

आपण कृतघ्न असतो म्हणून आभार राहतात असे नाही. संकोच आड येतो. अमित कुमार आणि निकोलस एपली या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना आभाराची पत्रे लिहायला सांगितली आणि ती मिळाल्यावर काय वाटले हे संबंधितांना विचारले. लिहिणाऱ्यांना वाटले होते त्यापेक्षा पत्र मिळालेल्यांना अधिक आनंद झाला होता आणि लिहिणाऱ्यांना जेवढे अवघड वाटेल असे वाटले होते, तेवढे ते मिळालेल्यांना वाटले नव्हते. मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांच्या २००५ मधील अभ्यासात आभाराचे पत्र लिहून ते स्वतः नेऊन देणाऱ्यांचे मन अधिक प्रसन्न झाल्याचे दिसले. तो परिणाम सुमारे महिनाभर टिकला. आभार हे औषध नव्हे आणि त्याने रक्तदाबाची गोळी बंद करता येत नाही. पण वृद्धत्वात आपला कोणाला उपयोग उरला नाही, ही भावना माणसाला आतून पोखरते. आपल्या हातून एक डोळा वाचला हे जसे संपादकाला कळायला हवे, तसे ते घरातल्या माणसालाही कळायला हवे.

दुसरी वही

पत्र झाल्यावर मी नेहमीची तपासणी सुरू केली. काकांच्या हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी आहे. तिची मात्रा ठरवण्यासाठी रक्ताची आयएनआर तपासणी वेळोवेळी करावी लागते. मागचा आकडा मी विचारला. काकूंनी नेहमीप्रमाणे पर्समधून वही काढली.

ती वही मी कितीतरी वेळा पाहिली होती. त्या दिवशी प्रथमच नीट पाहिली. आखलेली पाने, तारीख, वेळ, रक्तदाब, आयएनआर, गोळीची मात्रा. अमेरिकेतले पहिले पान उघडले, तर तेथे एका नावाखाली लाल शाईने रेघ मारलेली होती. भारतातून नेलेल्या पाकिटावर कंपनीने दिलेले नाव होते आणि तेथील बाटलीवर औषधाचे मूळ नाव. काकूंनी दोन्ही एकाखाली एक लिहून पुढे नोंद केली होती : 'एकच गोळी. दोन्ही देऊ नये.'

नावे निराळी म्हणून एकच औषध दोनदा घेतले जाण्याचा धोका परदेशी जाणाऱ्या ज्येष्ठांना खरोखरच असतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळीच्या बाबतीत त्यातून मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव होऊ शकतो. एका लाल रेघेने तो टळला होता. दोन वर्षे मी वहीतले आकडे मागत होते, पण ती लिहिणाऱ्या हाताकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते.

"काका, आणखी एका संपादकांना पत्र लिहायचं राहिलं आहे," मी म्हणाले आणि ते पान त्यांच्यासमोर ठेवले.

काकांनी ते वाचले. काही बोलले नाहीत. काकू म्हणाल्या, "त्यात काय एवढं? करावंच लागतं." आणि वही परत घ्यायला हात पुढे केला. त्या हाताला मी सहज रक्तदाबाची पट्टी बांधली. १६८ आणि ९६. आपला रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता, ते त्यांना आठवेना. एका मोजणीवरून निदान करत नाहीत. म्हणून आठवडाभरात पुन्हा तीनदा मोजला. प्रत्येक वेळी तो वाढलेलाच होता. दोन वर्षांच्या वहीत त्यांच्या स्वतःविषयी एकही ओळ नव्हती.

शुश्रूषा करणाऱ्यांच्या बाबतीत हे मी वारंवार पाहते. दुसऱ्याच्या गोळ्यांची वेळ चुकत नाही आणि स्वतःची तपासणी राहून जाते. घरात काही बिघडले नाही की सर्वांना वाटते, करण्यासारखे काही नव्हतेच. करणाऱ्यालाही हळूहळू तसेच वाटू लागते आणि मग आपले दुखणे सांगायलाही तो कचरतो.

आभार मानताना

काकांच्या पत्रातून मी तीन गोष्टी शिकले. पहिली, नेमके सांगावे. 'तू फार करतेस' यापेक्षा 'त्या दोन नावांतला फरक तू ओळखलास' हे अधिक पोहोचते. दुसरी, त्यामुळे काय टळले तेही सांगावे, कारण करणाऱ्याला ते दिसलेले नसते. तिसरी, निमित्ताची वाट पाहू नये. पंचाहत्तरी, निरोपसमारंभ, शोकसभा यांसाठी राखून ठेवलेले चांगले शब्द पुष्कळदा उशिरा पोहोचतात.

ज्यांना बोलणे जड जाते त्यांनी लिहावे. तेही जमत नसेल तर कामातला एक वाटा उचलावा. आठवड्यातील एक दुपार शुश्रूषा करणाऱ्याला मोकळी द्यावी आणि दर तीन महिन्यांनी त्याचीही तपासणी करून घ्यावी.

लेथवर बसणाऱ्या ज्येष्ठांसाठी

काकांना मी छंद सोडायला सांगितले नाही. ज्या छंदाने त्यांचे जेवण पूर्ववत झाले तो सोडायला कसे सांगणार? मात्र हे पाळावे :

* चेहरा पूर्ण झाकणारे कवच घालावे. साधा चष्मा पुरेसा नाही.
* सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी, अंगठी आणि हातमोजे नकोत. फिरत्या लाकडात ते अडकतात आणि हात ओढला जातो.
* लेथ सुरू करण्यापूर्वी लाकूड हाताने एक फेरा फिरवून पाहावे. सुरू करताना तुकडा उडेल त्या रेषेत उभे राहू नये. चिरलेले लाकूड वापरू नये.
* लाकडाची बारीक धूळ श्वासात जाऊ देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये तिची गणना मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांत केली. नाक आणि त्यालगतच्या पोकळ्यांना तिचा धोका असतो. साग व शिसव यांच्या धुळीने काहींच्या त्वचेवर पुरळही उठतो. मास्क लावावा आणि दम्याच्या रुग्णांनी आधी डॉक्टरांशी बोलावे.
* रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर घरी कोणी नसताना काम करू नये. कापल्यास स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सलग घट्ट दाबून धरावे. रक्त थांबले नाही तर तातडीने दवाखाना गाठावा. डोक्याला मार लागला तर जखम दिसत नसली तरी यावे. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.
* चक्कर, झोप अपुरी किंवा साखर कमी झाल्यासारखे वाटत असेल त्या दिवशी लेथ बंद ठेवावा.

गेल्या आठवड्यात दोघेही पुन्हा आले. काकूंचा रक्तदाब औषधाने आटोक्यात येत आहे. वही या वेळी काकांच्या हातात होती. कारखान्यात मापे लिहितात तशा ठसठशीत अक्षरांत त्यांनी प्रत्येक पानावर उजवीकडे एक नवा रकाना आखला होता. त्यात काकूंच्या रक्तदाबाचे आकडे होते, सकाळचा आणि संध्याकाळचा. एकही दिवस चुकलेला नव्हता.